जिथे मरायची सोय नव्हती

डहाणू

शालिनीच्या वहीत शेवटच्या प्रकरणाचं फक्त नाव होतं, 'टिकेल का?' खाली पान कोरं.

माझी पत्नी शालिनी मिरजेच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायची. मी त्याच कॉलेजचा ग्रंथपाल. निवृत्त झाल्यावर तिनं एकच प्रश्न धरला होता: एखादा लहानसा प्रदेश मोठ्या देशातून फुटून निघाला, तर तो सुखानं नांदू शकतो का? बेटं, डोंगरातली चिमुकली राष्ट्रं, एकेका बंदरावर जगणारे देश, सगळं तिनं वाचून काढलं. जेवताना म्हणायची, "अहो, वेगळं होताना लोक झेंडा आधी शिवतात, आणि मीठ कुठून आणायचं ते नंतर बघतात." शेवटच्या प्रकरणासाठी तिला हाताला लागेल असा, सगळ्यात छोटा नमुना हवा होता. तो तिला तलासरी तालुक्यात सापडला. तिथल्या एका पाड्यानं आपल्या मूळ गावाशी संबंध तोडून स्वतःला वेगळं गाव जाहीर केलं होतं. ती तिथं तीनदा जाऊन आली. चौथ्या खेपेला मी गेलो, कारण श्रावणात ती गेली.

तिच्या टिपणांच्या शेवटी एक ओळ आहे, 'पुस्तक घेऊन परत येते असं सांगून निघाले.' जिनं येते म्हणून सांगितलं, ती येणार नाही हे तिथं कुणीतरी जाऊन सांगायला हवं होतं. शिवाय कोरं पान होतंच. मार्गशीर्षात मी डहाणूला उतरलो.

स्टेशनाजवळच्या लॉजमध्ये सकाळी चहाच्या टेबलावर एक चिकूचे व्यापारी भेटले. डहाणूत मराठी आणि गुजराती एकाच वाक्यात सुखानं राहतात. आमच्याकडे मिरजेत कानडी राहते, तशी. मी कुठं आणि कशासाठी चाललो ते ऐकून त्यांनी बशी खाली ठेवली.

"एवढासा पाडा वेगळा झाला? पछी करणार शूं? साहेब, माझा चिकू गाडीत चढून बाहेर नाही गेला, तर मी किती खाणार? आठ? दहा? वेगळा झालेला माणूस आपलाच माल आपणच खात बसतो."

मग त्यांनी पिशवीतून दोन पिकलेले चिकू काढून माझ्यापुढे ठेवले. इतका गोड चिकू मी देशावर कधी खाल्ला नव्हता. शालिनीला हे वाक्य आवडलं असतं, म्हणून मी ते तिच्या वहीत लिहून घेतलं. लिहिताना लक्षात आलं की तिच्या अक्षराखाली माझं अक्षर आज पहिल्यांदाच येतंय.

ओढ्याअलीकडे

आशागड, चारोटी, हायवे, तलासरी. वाटेचं सांगण्यासारखं एवढंच की फोनवर 'गुजरातमध्ये आपले स्वागत आहे' असा संदेश आला, मग महाराष्ट्रानं परत बोलावलं, मग पुन्हा गुजरात. मी मात्र एकाच जागी उभा होतो, शेअर गाडीची वाट बघत. शालिनी असती तर हसली असती. सीमा म्हणजे काय यावर तिच्या वहीत अख्खं प्रकरण आहे.

मूळ गावात उतरलो तेव्हा ऊन वर आलं होतं. पाडा ओढ्यापलीकडे. चहाच्या टपरीवर एक बाई होत्या. त्यांना वाट विचारली.

"वेगळ्यांकडं जायचा हाय?" बाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुमचा कोन हाय तठं?"

"कुणी नाही. त्यांचं कसं काय चाललंय ते बघायचंय."

"बरा चाललाय. दोन वर्सं झाली, एक मानूस मेला नाय."

"मग चांगलंच आहे की."

"चांगला कसा?" त्या म्हणाल्या आणि दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवलं.  पैसे माझ्या हातातून घेतले नाहीत, फळीवर ठेवायला लावले.

ओढ्यात दगड टाकलेले होते. शेवटच्या दगडावर माझा पाय घसरला आणि मी घोट्याएवढ्या पाण्यात एका गुडघ्यावर आलो. एवढंच झालं. आमच्याकडे अशा वेळी लोक आधी हसतात. इथं पलीकडच्या शेतातून चार माणसं धावत आली. दोघांनी मला काखेत धरून उचललं. त्यांच्या चेहऱ्यांचा रंग उतरला होता.

"पडू नका, काका," त्यातला एक म्हणाला. "हितं पडायचं नाय."

तो देवजी. वय चाळिशीचं, एके काळी हायवेवर गाडी चालवायचा. पाडा वेगळा करण्यात तोच पुढे होता. वहीत त्याचं नाव जागोजागी आहे. मी माझं नाव सांगितलं. तो एकदम उजळला.

"म्हणजे म्याडमबायचे मालक! अरे, म्याडमबायचे मालक आले!" आणि मग माझ्यामागे, ओढ्याकडे पाहत, "त्या कुठं? मागनं येतात?"

मी म्हणालो, "तिला बरं नाही."

का म्हणालो, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. चार महिने मी ज्याला त्याला 'ती गेली' हे एकच वाक्य सांगत आलो होतो. बँकेत, पोस्टात, पेन्शनच्या कचेरीत. पहिल्यांदाच असा मुलूख भेटला होता जिथं ते कुणाला ठाऊक नव्हतं.

पाडा

पाड्यानं आपल्या नव्या गावाला नाव ठेवलंय, पण सरकारी कागदावर येण्याआधी ते कुठं छापू नये अशी त्यांची इच्छा आहे. म्हणून मीही पाडा असंच लिहितो.

भांडण नळाचं आणि रस्त्याचं. दोन्ही मूळ गावापर्यंत आले आणि ओढ्याशी थांबले. बरीच वर्षं विनवण्या करून झाल्यावर पाड्यातल्या सगळ्या घरांनी एका सकाळी ठरवलं की आजपासून आपण वेगळे. अर्ज गेला, तो तालुक्याला पडून आहे. पण ते अर्जासाठी थांबले नाहीत. गावदेवाचा स्वतःचा दगड बसवला. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पाइपानं आणलं. कुडाच्या एका खोलीत दुकान काढलं. प्रत्येक घर सुगीत ठरलेलं भात एका कणगीत घालतं. ज्याच्या घरी कमी पडेल त्यानं त्यातून न्यावं.

देवजीनं मला सगळं फिरून दाखवलं. मोगऱ्याचे वाफे, मिरच्या, वालाच्या वेली. मुलं गुटगुटीत होती. चिकूवाल्या शेटजींचं म्हणणं इथं खोटं पडत होतं, कारण मोगरा रोज पहाटे डहाणूच्या बाजाराला जात होता. मी वहीत एकेक नोंद करत होतो आणि मनात म्हणत होतो, टिकेल, शालिनी, चांगलं टिकेल.

तरी काहीतरी चुकत होतं. आधी ते मला नुसतं जाणवत होतं, मग दिसू लागलं. ताडाची झाडं होती, पण त्यांवर चढायच्या खाचा कोरड्या पडल्या होत्या आणि वर टांगलेली मडकी रिकामी होती. कोयत्यांच्या पात्यांना चिंध्या गुंडाळलेल्या. पोरं धावत नव्हती. एक सायकल होती, ती हातात धरून नेली जात होती. घरात तान्हं मूल झोपलेलं असताना मोठी माणसं जशी वावरतात, तसा अख्खा पाडा भर दुपारी वावरत होता.

आणि हाक. वहीत एका समासात शालिनीनं लिहिलं होतं, 'दर थोड्या वेळानं हाक. कुणाला? विचारायचं.' ती आता मी ऐकत होतो. शेताच्या टोकाच्या घरातून कुणीतरी ओरडायचं, "बाबाऽ!" मग सगळं थबकायचं. तेवढ्यापुरता देवजीसुद्धा बोलायचा थांबायचा, वाफ्यात वाकलेल्या बायका तशाच वाकून राहायच्या. मग आतून एक बारीक आवाज यायचा, "हाय." की सगळं पुन्हा सुरू.

दुपारी त्याच घरी जेवण होतं. देवजीची वहिनी सोमी हिनं नागलीची भाकरी, काळ्या उडदाची आमटी आणि सुकटीची चटणी वाढली. आमटी इतकी दाट की भाकरीचा तुकडा तिच्यात उभा राहत होता. दाराशी खाटेवर देवजीचे वडील पडले होते, रुपजीबाबा. पांघरुणाखाली माणूस आहे हे फक्त डोक्यावरून कळत होतं. सोमी वाढतावाढता मान न वळवता म्हणाली, "बाबा!"

"हाय," खाटेवरून आलं.

"झोप लागू देत नाही का त्यांना?" मी विचारलं.

"झोपला तर जाईल," सोमी म्हणाली.

मग देवजीनं सांगितलं. पाडा वेगळा झाला तेव्हा मूळ गावानं एकच अट घातली. मसणवटा आमच्या हद्दीत आहे, आता तुमचं मढं ओढा ओलांडून आणायचं नाही. यांनी जोरात होय म्हटलं. पाणी, भात, दुकान, देव, सगळ्यांचा विचार झाला होता, मेलेल्यांचा करायचा राहिला.

"मग नवी जागा धरायची," मी म्हणालो. "जमीन तर आहे."

"जमीन हाय. माणूस नाय." देवजीनं आवाज खाली आणला. "नव्या मसणात जो पहिला जाईल, त्यानं तिथं राखण बसायचं. दुसरा येईपर्यंत एकट्यानं. आमच्यात तसाच हाय. बाप कोण एकटा बसवील? मी नाय बसवणार, तो नाय बसवणार. म्हणून कोणाला जाऊ देत नाय."

"कुणालाच?"

"तिघं म्हातारे हायेत. बाबांची वेळ होऊन लई दिवस झाले. आम्ही हाकेच्या पाळ्या लावल्यात, घरटी एक. हाक आली की ओ द्यावी लागते, आणि ओ देणारा माणूस जात नाय." त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "म्याडमबाय पुस्तकात लिहिणार होत्या ना, चालतंय का नाय ते? लिहा, चालतंय. जन्म हाय, मरण नाय. असला देश दुसरा दाखवा."

तो हसला. खाटेकडे मात्र त्यानं पाहिलं नाही.

माझी पाळी

मी शाळेच्या खोलीत झोपलो. हाका रात्रभर चालू होत्या, एवढंच सांगतो. सकाळी सोमी शेताला निघताना म्हणाली, "काका, आमच्यात पावण्यालाबी पाळी असते. थोडी बसाल?"

मी खाटेजवळ बसलो. कोवळं ऊन रुपजीबाबांच्या पायांवर होतं. त्यांचे डोळे मिटले की मी हाक मारायची.  हे काम मी याआधी केलं होतं. हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात मी असाच बसून तिचं नाव घेत असे, आणि ती "हं" म्हणत असे. मग एका दुपारी तिनं म्हटलं नाही.

"बाबा," मी म्हणालो.

"हाय." त्यांनी डोळे उघडले आणि बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. "तुजी बाय गेली ना?"

"बरं नाही तिला."

"गेली," ते म्हणाले. "तू हाक मारतं, ती मना नाय मारत. मी कवाचा ओ देतांव, मना कळतं."

मग मी सांगितलं. श्रावण, हॉस्पिटल, सगळं. अधूनमधून त्यांचे डोळे मिटत आणि मी सांगता सांगता हाक मारी आणि ते ओ देत. कुणाचंही सांत्वन असं अर्धवट, थांबत थांबत मी कधी स्वीकारलं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "मी लई दमलांव. पन पयला नाय जायाचा. एकट्यानं बसाचा भ्या वाटतं." ऐंशीच्या पुढचा माणूस, आणि त्यानं ते लहान मुलासारखं सरळ सांगितलं.

देवजी परत आला तेव्हा मी त्यालाही सांगितलं. तो उंबऱ्यावरच बसला. मग म्हणाला, "काल का नाय बोललात?"   तो उठला आणि लाडक्या नावाच्या भगताला, पाड्याचे देवाधर्माचे विधी करणाऱ्याला, घेऊन आला.

भगत माझ्याच वयाचे, पांढऱ्या मिशांचे, कानावर पेन्सिल. ते दिवसा सुतारकाम करतात. त्यांनी आधी मला नमस्कार केला, मग सोमीला विचारलं, "म्याडमबायनं हितला मीठ खाल्लेला?"

"तीन टायमाला. हितंच, या जागेवर."

"परत येते सांगून गेल्या?"

"हो."

"मग त्या आपल्याच मोजणीत. मी कणगीजवळ माणसं मोजतो तवा त्यांना धरतो. दर बारीला एक जास्त निघतो, तो त्यांचाच." भगत माझ्याकडे वळले. त्यांना पुढचं बोलायला जड जात होतं. "दादा, माणूस पाहिजेच असा नाय. नाव चालतंय. त्यांच्या नावानं फळी लावली, दिवस केला, तर पहिल्या त्या होतील. पण जबरदस्ती नाय. तुम्ही नाय म्हटलात तर जेवून जा."

आमच्याकडे सगळं उरकलं होतं. कृष्णेत अस्थी सोडल्या होत्या, तेरावा झाला होता, कावळा शिवायला फार वेळ लागला नव्हता. भटजी म्हणाले होते, काही राहिलं नाही त्यांचं. आणि इथं माझ्यापुढे एक सुतार बसला होता आणि विचारत होता की तुमच्या बायकोला आमच्या रानात राखणीला एकटं बसवू का?

शालिनीला एकटं राहायला आवडत नसे. वाचत असली तरी मी त्याच खोलीत हवा असे. मी तोंड उघडलं ते नाही म्हणायलाच.

"किती दिवस?" मी ऐकलं तो माझाच आवाज.

 भगतांनी कानावरची पेन्सिल काढून परत खोचली.  मग खाटेवरून आवाज आला. हाक कुणीच मारली नव्हती.

"लई दिस नाय," रुपजीबाबा म्हणाले. "मी येतं ना मागनं. बायला सांग, बस म्हनावं जरा."

सोमीनं पदर तोंडाला लावला. मी हो म्हणालो.

फळी

जागा ओढ्याच्या उलट बाजूला निघाली, उतारावर, ऐनाच्या झाडाखाली. पाड्यातली झाडून सगळी माणसं आली, पण एका अंतरावर थांबली. भगतांनी दोन तासांत सागाची फळी तासली. वर सूर्य आणि चंद्र कोरले. खाली घोडा काढायची पद्धत आहे, मेलेला माणूस त्यावर बसून जातो.

"म्याडमबाय कशावर बसायच्या?" भगतांनी विचारलं.

"स्कूटीवर."

"स्कूटी काढू?"

मागे कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. दोन वर्षांत त्या पाड्यात इतकं मोठ्यानं कुणी हसलं नसावं, कारण हसून झाल्यावर सगळे एकमेकांकडे दचकून पाहू लागले. "घोडाच असू दे," मी म्हणालो. "पडायची नाही ती."

फळी पुरली. भाताचे दाणे, थोडी ताडी, एक दिवा. ताडी मूळ गावातून आणावी लागली. ओढा ओलांडून ती घेऊन आली टपरीवालीच. पाड्याच्या काठापर्यंतच आली, बाटली दगडावर ठेवली आणि पदर डोक्यावर ओढून बराच वेळ उभी राहिली.

रुपजीबाबांना खाटेसकट चौघांनी उचलून आणलं होतं. त्यांनी मानेनं फळी दाखवायला सांगितली, मग फळीशेजारची मोकळी जमीन. ती त्यांनी नीट बघून घेतली. भाड्याची खोली बघतात तशी.

"सावली हाय," ते म्हणाले.

देवजी मला ओढ्यापर्यंत सोडायला आला. दगडांवरून जाताना त्यानं माझा हात धरला नाही. "आता गाव झाला, काका," तो म्हणाला. पलीकडे पोहोचलो आणि थांबून ऐकत राहिलो. वाऱ्याचा आवाज येत होता, कुठंतरी कोयत्याचा येत होता. बराच वेळ थांबलो. हाक आली नाही.

मिरज

परत आल्यावर ते प्रकरण लिहायला बसलो. पाणी, भात, मोगरा, कणगी, सगळं लिहून झालं आणि मी थांबलो, कारण माझं लक्ष फोनकडे होतं. रोज सकाळी उठल्यावर पहिला विचार यायचा की ती अजून एकटीच असेल. मग कळायचं की मी कशाची वाट पाहतोय. ज्यानं मला धीर दिला त्या म्हाताऱ्यानं लवकर मरावं, याची. देवाजवळ हात जोडताना मी डोळे मिटेनासा झालो. मिटले की मनात तेच यायचं.

अकराव्या दिवशी देवजीचा फोन आला.

"काका, बाबा गेले. काल दुपारी. झोपेत. हाक नाय मारली कोणी."

"वाईट झालं," मी म्हणालो. पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता. मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं. "बाजूलाच ना?"

"बाजूलाच. दोन हातांवर."

मी फोन ठेवला. कुकर लावला. भात, वरण, वर तूप. श्रावणापासून ताटात एकदा वाढलेलंही माझ्यानं संपत नव्हतं. त्या दुपारी मी दुसऱ्यांदा भात वाढून घेतला, आणि तोही संपवला.